सबसिडीच्या हिशेबातली उणे बाजू

युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तीच गोणी कारखान्यात तयार करायला किंवा परदेशातून आणायला दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. गॅस महागला की त्याहून बराच जास्त. मधला फरक केंद्र सरकार भरते आणि अर्थसंकल्पात तो खत अनुदान म्हणून दिसतो. युक्रेन युद्धाच्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, हा आकडा अडीच लाख कोटींवर गेला. त्यात पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार, राज्याच्या नमो योजनेचे आणखी सहा हजार, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आणि दर काही वर्षांनी येणारी कर्जमाफी धरली, तर शहरातला करदाता ‘शेतकऱ्याला अजून किती द्यायचे?’ असे विचारणारच. त्याच्यासमोर खातेवहीचे एकच पान ठेवलेले असते, त्याला दोष का द्यावा?

दुसरे पान महाराष्ट्रात सर्वांत जोरकसपणे वाचून दाखवले ते शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधल्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते १९७७ मध्ये परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि शेतीचे जमाखर्च लिहायला लागले. त्या वह्यांतून शेतकरी संघटना उभी राहिली. १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडवली गेली, खेरवाडीला गोळीबारात शेतकरी मारले गेले. पुढे ते विश्वनाथ प्रताप सिंगांच्या काळात कृषी सल्लागार समितीचे आणि वाजपेयींच्या काळात कृषी कार्यबलाचे अध्यक्ष झाले, १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, २००४ ते २०१० राज्यसभेत बसले. इतक्या वळणांतून जाताना त्यांची अनुदानाबद्दलची भूमिका मात्र बदलली नाही: भीक नको, हवे घामाचे दाम.

ही नुसती मोर्च्यातली घोषणा म्हणून सोडून दिली जाते, याचे मला वाईट वाटते. तिच्यात एक पूर्ण हिशेब आहे. सरकार एका हाताने भाव पाडते आणि दुसऱ्या हाताने सूट-सबसिडी देते. पाडलेल्या भावाची रक्कम दिलेल्या सबसिडीपेक्षा मोठी असते. म्हणून निव्वळ सबसिडी उणे आहे. कर्जाबद्दलचे त्यांचे म्हणणेही यातूनच येते. भाव पाडल्यामुळे जे कर्ज फिटू शकत नाही, ते शेतकऱ्याचा गुन्हा नाही, म्हणून ‘माफी’ नव्हे, ‘मुक्ती’. माझे म्हणणे असे आहे की त्यांचा हिशेब आजही बरोबर आहे, त्यांच्या उपायात दोन ठिकाणी दुरुस्ती हवी, आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे तो सुधारणांचा क्रम. क्रम चुकला तर योग्य सुधारणाही शेतकऱ्याच्याच मानेवर बसते.

हिशेबाची रीत आधी पाहू. एखाद्या पिकाला देशात सरकारने ठरवलेला भाव घ्यायचा, त्यातून त्याच पिकाचा बंदरावरचा भाव वजा करायचा आणि फरकाला उत्पादनाने गुणायचे. देशातला भाव जास्त असेल तर शेतकऱ्याला आधार, कमी असेल तर तितकी रक्कम त्याच्याकडून काढून घेतली. मग त्यात खत, वीज, पाणी, कर्ज यांवरच्या सवलती मिळवायच्या. जागतिक व्यापाराच्या गॅट कराराच्या वेळी भारत सरकारनेच १९८६-८८ या पायाभूत काळासाठी हा हिशेब करून दिला. पिकांच्या भावातला आधार उणे २४ हजार कोटींच्या वर होता आणि सगळ्या सवलती मिळून साडेचार हजार कोटींच्या आसपास. म्हणजे दिलेल्या प्रत्येक रुपयामागे पाच रुपये घेतलेले. जोशींनी डंकेल प्रस्तावाला, म्हणजे त्या कराराच्या मसुद्याला, पाठिंबा दिला तो याच बळावर. उत्तर प्रदेशात टिकैत आणि कर्नाटकात नंजुंडस्वामी हे शेतकरी नेते त्याविरुद्ध उभे असताना ते म्हणत होते, की करार सबसिडी कमी करायला सांगतो, आपली तर शून्याखाली आहे. आपल्याला भीती कसली?

इथे एक गुंता आहे, तो नीट सोडवला नाही तर वादात दोन्हीकडचे लोक चुकीचे आकडे फेकत राहतात. जागतिक व्यापार संघटनेच्या रीतीत बंदरावरचा भाव १९८६-८८ चाच गोठवलेला आहे. तांदळाचा तो भाव टनाला ३,५२० रुपये, म्हणजे क्विंटलला ३५२. भारत हिशेब डॉलरमध्ये देतो, तिथे तो टनाला २६२.५१ डॉलर होतो. त्यानंतर खर्च वाढले, महागाई वाढली, हमीभाव वाढले. गोठलेला आकडा तिथेच राहिला. त्यामुळे या रीतीने मोजले की भारत तांदळाला भरमसाट आधार देतो असे दिसते. २०१८-१९ मध्ये तो उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला आणि बाली परिषदेत मिळालेल्या शांतता कलमाचा (मर्यादा ओलांडली तरी खटला न भरण्याच्या हमीचा) आसरा घ्यावा लागला. याउलट ओईसीडी ही विकसित देशांची संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संशोधन संस्था यांनी २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात दर वर्षीचा चालू बंदरभाव धरला आहे. त्या रीतीने, खत-वीज-पाण्याच्या सगळ्या सवलती जमेला धरूनही, २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार त्याच्या एकूण शेतीप्राप्तीच्या सरासरी उणे १४ टक्के निघतो. जोशींचा मूळ दावा उभा राहतो तो या दुसऱ्या रीतीवर. जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, भारत जास्त सबसिडी देतो असा आरोप होतो म्हणून देशातल्या शेतकऱ्याला ती मिळते, असे समजणे ही ढोबळ चूक आहे.

आता हाच हिशेब एका एकरावर आणू. पीक उन्हाळ कांदा, कारण त्याचे आदेश सगळ्यांच्या आठवणीत ताजे आहेत. राहुरीच्या विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० किलो स्फुरद (फॉस्फरस), ५० किलो पालाश (पोटॅश). एकरी नत्र ४० किलो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत साधारण पावणेएकवीस किलो. दोन गोण्यांत काम भागते, पण शेतकरी बहुधा जास्त टाकतो, म्हणून तीन धरू. गोणीमागे अनुदान १,८०० धरले तर ५,४०० रुपये. डीएपी या स्फुरदयुक्त खताच्या दोन गोण्या, गोणीमागे १,३०० प्रमाणे २,६००. खताचे झाले आठ हजार. पाच अश्वशक्तीचा पंप हंगामात एकरामागे शंभर तास चालला आणि तासाला चार युनिट ओढले तर ४०० युनिट. वीज पुरवण्याचा खर्च युनिटला नऊ रुपये धरून ३,६००. केंद्र-राज्याच्या सन्मान निधीचे बारा हजार तीन एकरांच्या कुटुंबात वाटले तर एकरी चार हजार, तेही वर्षभराचे सगळे या एकाच पिकाच्या नावावर. एकूण १५,६०० रुपये. यातला प्रत्येक आकडा मुद्दाम सढळ हाताने घेतला आहे.

एकरी उत्पादन ८० क्विंटल धरू. १५,६०० भागिले ८०, म्हणजे क्विंटलला १९५ रुपये. किलोला दोन रुपयेसुद्धा नाहीत. याचा अर्थ सरकारच्या एखाद्या आदेशाने कांद्याचा भाव किलोमागे दोन रुपयांनी उतरला, की त्या एकराला मिळालेले खत, वीज आणि सन्मान निधी, सगळे परत वसूल झाले. त्याच्या खालचा प्रत्येक पैसा शेतकऱ्याच्या खिशातून.

आणि आदेश किती रुपयांनी भाव पाडतात? १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निर्यात पूर्ण बंद झाली, ती ४ मे २०२४ ला उठली, तेव्हाही ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लागू होते. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क निम्मे झाले आणि शून्यावर आले १ एप्रिल २०२५ ला. म्हणजे वीस महिन्यांच्या आसपास एका ना एका स्वरूपात दार अडवलेले होते. शुल्काचा परिणाम समजून घ्यायला फार गणित लागत नाही. दुबईचा किंवा क्वालालंपूरचा खरेदीदार किलोला ३५ रुपयांपलीकडे जायला तयार नसेल, तर ४० टक्के शुल्क भरून त्या किमतीत बसायला माल २५ रुपयांना जहाजावर चढावा लागतो. त्यातून निवड, गोणी, कंटेनर, वाहतूक, घट असे सात-आठ रुपये वजा केले, की निर्यातदार लासलगावच्या लिलावात जिथे २७-२८ ची बोली लावू शकला असता तिथे १७-१८ वर थांबतो. त्याने हात आखडला की देशांतर्गत व्यापारीही आखडतो, कारण वरची बोली लावणारा स्पर्धकच उरलेला नसतो. डिसेंबर २०२३ च्या बंदीनंतर पंधरवड्यात लासलगावचा सरासरी भाव क्विंटलला हजाराहून अधिक रुपयांनी खाली आला. त्यात खरिपाच्या नव्या आवकेचाही वाटा होता, हे खरे. तो अर्धा धरा, तीन चतुर्थांश धरा. तरी उरलेला भाग १९५ रुपयांपेक्षा जास्तच राहतो.

शिवाय आदेश मागे घेतल्याने सगळे पूर्ववत होत नाही. माल वेळेवर न देणारा देश म्हणून एकदा नाव झाले की बांगलादेश, श्रीलंका, मलेशियाचा व्यापारी पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे वळतो आणि परत येताना भाव पाडून मागतो. बंदरावर अडकलेल्या कंटेनरमधला कांदा घाम सुटून कोंब धरतो. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत पाच-सहा महिने टिकतो, पण त्या काळात वजन आणि सड मिळून चौथाई ते तिसरा हिस्सा जातो. म्हणून ‘थांबून विका’ हा सल्ला जो देतो, त्याने ही घट कोण सोसणार तेही सांगावे.

याउलट दिलासा कसा येतो ते पाहा. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये लाल कांदा मातीमोल झाला, तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलची मर्यादा घालून. त्यासाठी बाजार समितीची विक्रीपट्टी, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद, बँक पासबुक लागत होते. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या पीकनोंदणीत, नोंद नसलेल्यांचे अर्ज अडले, मग गावपातळीवर पडताळणी करावी लागली, आणि पैसे हप्त्याहप्त्याने कित्येक महिन्यांनी आले. भाव पाडणारा आदेश एका रात्रीत अमलात येतो आणि त्याला कुठलीही कागदपत्रे लागत नाहीत. भरपाईला मात्र सगळी लागतात. जोशी ‘सूट-सबसिडी’वर इतके का चिडत, ते या एका तुलनेत कळते.

कांदा हे ठळक उदाहरण, एकटे नाही. खाद्यतेलावरचे आयातशुल्क २०२१ पासून उतरवत नेले. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावर ते एकूण साडेसत्तावीस टक्के केले आणि मे २०२५ अखेर, सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर, पुन्हा साडेसोळावर आणले. कापसावरचे ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट २०२५ ला शून्य झाले आणि ही सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढली, म्हणजे वेचणीचे नेमके महिने त्यात आले. सोयाबीन, हरभरा, मोहरीसह सात मालांचे वायदे व्यवहार (पुढच्या तारखेचे सौदे) डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि नंतर ती बंदी वाढवतच नेली. पुढच्या तीन महिन्यांचा भाव सांगणारी खिडकीच बंद. आणि २०२० चे शेती कायदे आठवा. जूनमध्ये अध्यादेश काढून बाजारमुक्तीची भाषा झाली आणि १४ सप्टेंबरला, कायदे संसदेत येत असतानाच, कांद्याची निर्यात बंद झाली. त्या कायद्यांतल्या काही तरतुदी जोशी आयुष्यभर मागत होते. पण ज्या सरकारने त्याच आठवड्यात निर्यात थांबवली, त्याच्या मुक्त बाजाराच्या शब्दावर शेतकऱ्याने विश्वास कसा ठेवायचा?

आता खताकडे वळतो, कारण जोशींचा दुसरा मुद्दा तिथे आहे: निविष्ठांवरची सबसिडी शेतकऱ्याच्या नावावर पडते, पण जाते दुसरीकडे. युरियाचे अनुदान कंपनीच्या खात्यात जमा होते. २०१८ पासून दुकानातल्या पॉस यंत्रावर आधारचा अंगठा उमटल्यानंतर ते मिळते, म्हणून त्याला थेट लाभ म्हटले जाते. प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या खात्यात एक रुपया येत नाही. कारखाना जितका जुना आणि गॅस जितका जास्त जाळणारा, तितका त्याचा खर्च जास्त आणि तितके अनुदानही जास्त. स्वस्त युरिया प्लायवूडच्या गोंदात, पशुखाद्यात, भेसळीच्या दुधात जातो. २०१५ मध्ये सगळ्या युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा केल्याने हे कमी झाले, थांबले नाही. जूनमध्ये टंचाई झाली की दुकानदार युरिया-डीएपीसोबत नको असलेली द्रवखते, सूक्ष्म अन्नद्रव्ये माथी मारतो. ‘लिंकिंग’ हा शब्द प्रत्येक तालुक्यात माहीत आहे. २६६ रुपयांच्या गोणीसोबत दोन-तीनशेची बाटली घ्यावी लागली, तर त्या अनुदानातला बराच भाग तिथेच संपला.

जमिनीची किंमत वेगळीच. १ एप्रिल २०१० ला अन्नद्रव्याधारित अनुदान, म्हणजे खतातल्या अन्नद्रव्याच्या किलोमागे ठरावीक रक्कम, आले तेव्हा स्फुरद-पालाशाच्या खतांचे भाव मोकळे झाले, युरियाचा मात्र फक्त १० टक्क्यांनी वाढवून बांधून ठेवला. त्याआधी टनाला ९,३५० रुपये असलेली डीएपी दोन-तीन वर्षांत अडीचपटीच्या पुढे गेली. शेतकऱ्याने अगदी शहाणपणाने स्वस्त ते जास्त वापरले. नत्र-स्फुरद-पालाशाचे देशाचे प्रमाण २००९-१० मध्ये ४.३:२:१ होते, ते २०१२-१३ मध्ये ८.२:३.२:१ झाले. जास्त नत्राने पीक हिरवेगार दिसते, मऊ पडते, रसशोषक किडींना आमंत्रण मिळते. कापसात तुडतुडे, कांद्यात फुलकिडे. जास्त नत्राचा कांदा जाड मानेचा निघतो आणि चाळीत आधी तोच सडतो. म्हणजे सबसिडीने वाचवलेले पैसे फवारणीत आणि सडीत जातात. ही सुधारणा अर्धवट केल्याची किंमत आहे, आणि ती अजून चुकती होते आहे.

इथपर्यंत जोशींशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते बाजाराच्या दाराशी हात सोडून देण्याबाबत. पहिली गोष्ट: जगाचा भाव हासुद्धा कुणीतरी पाडलेला असू शकतो. २००१-०२ मध्ये जागतिक बाजारात रुईचा भाव पौंडाला सरासरी ४२ सेंटच्या आसपास आला, त्यामागे अमेरिकेने आपल्या कापूस उत्पादकांना दिलेल्या अनुदानांचा मोठा वाटा होता. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तो खटला जिंकला. त्या वर्षांत बंदरावरचा भाव हाच न्याय्य भाव मानणे म्हणजे यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याला अमेरिकेच्या खजिन्याशी स्पर्धेला उभे करणे. जोशींचा राज्याच्या एकाधिकार कापूस खरेदीला (कापूस सरकारलाच विकण्याच्या सक्तीला) विरोध योग्य होता, कारण बाजार वर असताना तीच योजना शेतकऱ्याला राज्याबाहेर कापूस विकू देत नव्हती. पण बाजार कोसळतो तेव्हा कुंपण लागते, आणि त्यांच्या मांडणीत ते कुंपण फार ठेंगणे आहे. करारात त्याला जागा आहे. कापसावर भारत १०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावू शकतो. सोयातेलावर मात्र ४५ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही, आणि तिथे आणखी एक अडचण आहे: शंभर किलो सोयाबीनमधून तेल साधारण १८ किलो निघते, पेंड ८० किलोच्या घरात. भाव ठरतो तो जास्त करून पेंडीवर. २०२४ च्या हंगामात तेलाचे शुल्क वाढूनही सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाखालीच, चार हजारांच्या आसपास रेंगाळले, कारण पेंडीला उठाव नव्हता. नुसत्या तेलाच्या शुल्काने सोयाबीन वाचत नाही, हे धोरण ठरवणाऱ्यांनी लक्षात घेतले पाहिजे.

दुसरी गोष्ट बाजाराच्या आवाराची. बिहारने २००६ मध्ये बाजार समिती कायदाच रद्द केला. खासगी बाजार उभे राहतील ही अपेक्षा फोल ठरली आणि मक्या-भाताचा शेतकरी गावातल्या व्यापाऱ्याच्या हाती राहिला. मक्तेदारी मोडणे आणि बाजार उभारणे ही दोन कामे आहेत. दुसऱ्याला गोदाम, ओलावा मोजायचे यंत्र, वजनकाटा, चोवीस तासांत चुकारा, असे सगळे लागते. हमीभाव खरेदी केंद्रावर हीच यादी आडवी येते. सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. ऑक्टोबरच्या पावसात काढलेला माल १५-१८ टक्क्यांचा असतो. वाळवायला खळे नाही, थांबायला पैसे नाहीत, केंद्रावर बारदाना संपलेला. शेतकरी त्याच दिवशी व्यापाऱ्याला कडता, म्हणजे वजनातली कपात, सोसून विकतो. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने मर्यादा १५ टक्क्यांवर नेली, तोपर्यंत लहान शेतकऱ्यांचा माल बाहेर पडला होता. हमीभाव आणि बाजारभाव यांतल्या फरकाची रक्कम खात्यात द्यायचा भावांतरचा मार्ग मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये वापरला. नोंदणीच्या काळात सगळी आवक एकदम आली, व्यापाऱ्यांनी भाव आणखी उतरवले आणि सरकारी फरक एका अर्थी त्यांच्याकडे गेला.

म्हणून क्रमाचा प्रश्न. अनेक अर्थतज्ज्ञ म्हणतात, खत अनुदान बंद करा, पैसे खात्यात द्या. तत्त्वाला माझी हरकत नाही. पण निर्यातबंदीचे हत्यार सरकारच्या हातात तसेच ठेवून युरिया महाग केला, तर शेतकरी खर्च जगाच्या भावाने करेल आणि माल दिल्लीच्या भावाने विकेल. आधी घेणे थांबले पाहिजे, मग देणे बदलता येईल.

घेणे थांबवायचे म्हणजे नेमके काय? निर्यातबंदी, किमान निर्यात किंमत, साठामर्यादा हे आदेश आज मंत्रालयाच्या एका अधिसूचनेने निघतात. त्यासाठी संसदेने अटी घालाव्यात. पेरणी झाल्यावर त्या पिकाच्या विक्रीचा हंगाम संपेपर्यंत असा आदेश काढता येऊ नये. अपवाद करायचाच असेल, तर आदेशाच्या आदल्या महिन्याचा सरासरी भाव आणि नंतरचा भाव यातला फरक विक्रीपट्टीच्या आधारे त्याच हंगामात चुकता करण्याचे बंधन सरकारवर असावे. शहराला स्वस्त कांदा द्यायची इच्छा वाईट नाही. सरकारने तो लिलावात चालू भावाने घ्यावा, स्वस्त विकावा आणि तोटा अर्थसंकल्पात दाखवावा. आज नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था भाव पडलेला असताना राखीव साठा घेतात आणि भाव चढू लागला की बाजारात ओततात. गरिबाला वाटप करण्याऐवजी बाजार दाबायला तो साठा वापरला जातो. गरिबाच्या ताटाचा भार सगळ्या करदात्यांनी उचलायचा आहे, एकट्या नाशिकच्या निफाड-चांदवडने नव्हे. सोबत, अर्थसंकल्पात अनुदानाच्या तक्त्याशेजारी पीकवार उणे रकमेचा रकाना द्यावा. मोजायची रीत तयार आहे, आकडे सरकारकडेच आहेत.

हे दोन-तीन हंगाम टिकले, की खताकडे यावे. पहिले पाऊल युरियाला अन्नद्रव्याधारित अनुदानात आणण्याचे, पण गोणीची किंमत दर हंगामाला थोडी वाढवत आणि तितकीच रक्कम स्फुरद-पालाशाच्या खतांच्या किमतीत कमी करत. म्हणजे एकूण खर्च तोच राहील, प्रमाण सुधारेल. एकरी रक्कम खात्यात देण्याचे पाऊल नंतरचे, आणि त्यात तीन अडचणी आहेत. पैसे मेअखेर खात्यात पडले पाहिजेत, नाहीतर दोन हजारांची गोणी उधारीवर घ्यावी लागेल आणि दुकानदाराचे व्याज अनुदान खाऊन टाकेल. कोरडवाहू आणि बागायती एकराला एकच रक्कम द्यायची का, हे ठरवावे लागेल. मी एकच द्यावी म्हणेन, कारण आजच्या रचनेत पाणी नसलेल्या शेतकऱ्याला खत आणि वीज दोन्हींचा वाटा कमी मिळतो. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरची मर्यादा लावल्याने विदर्भातला जास्त जमिनीचा पण कमी उत्पन्नाचा शेतकरी पूर्ण माफीबाहेर राहिला होता, ती चूक पुन्हा नको.

तिसरी अडचण सगळ्यात अवघड आहे. सातबारा ज्याच्या नावावर, पैसे त्याला. जमीन कसतो तो बटाईदार किंवा ठोक्याने घेणारा. कूळ कायद्याच्या धास्तीने मालक कागद करून देत नाही. आज निदान २६६ रुपयांची गोणी त्याला आधार कार्ड दाखवून मिळते. खात्यात पैसे द्यायला लागलो, की मालकाला अनुदान आणि कसणाऱ्याला महाग युरिया अशी वाटणी होईल. नीती आयोगाने २०१६ मध्ये भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा तयार करून दिला आहे. त्यात मालकी सुरक्षित ठेवून कसणाऱ्याची नोंद होते आणि त्याला पीककर्ज, विमा, भरपाई मिळू शकते. महाराष्ट्राने तो आपल्या परिस्थितीला बसवून करावा, ई-पीक पाहणीत मालकाबरोबर कसणाऱ्याचा रकाना उघडावा, दोन हंगाम त्या नोंदी तपासून पाहाव्यात. युरियाची किंमत पूर्ण मोकळी करण्याचा विचार त्यानंतरच व्हावा.